गडहिंग्लजची रोडकिंग केए-२२ होईपर्यंत

जुनी येझदी मोटरसायकल घेऊन झाली, नावावर पण झाली, त्याला आता बरेच महिने झाले, पण तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्या ओळखीतले फोन करून विचारायलेत की जुनी गाडी महाराष्ट्रातनं बेळगावात आणायची तर काय काय करायला लागतं, कागद कुठनं सुरू करायचे, एजंट लागतो का. प्रत्येकाला फोनवर सांगून तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. आरएक्स १०० किंवा बुलेट घेणाऱ्यालाही यातलं बहुतेक लागू आहे, गाडी बदलली तरी फॉर्म तेच.

माझं डोकं आधीपासून येझदीवरच. बेळगावातल्या शहापुरात लहानपणी दूधवाले कॅन लटकवून यायचे ते राजदूतवर नाहीतर येझदीवर, त्यामुळं तो आवाज कानात बसलेला. आरएक्सचे भाव तर पोरांनी रील काढून काढून कुठच्या कुठं नेऊन ठेवलेत. आणि येझदी म्हणजे आपल्याच राज्यातली की हो. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६१ ला सुरू झाला, १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं, रोडकिंग हे मॉडेल १९७८ चं, आणि १९९६ ला कारखानाच बंद. म्हणजे सगळ्यात शेवटची गाडी पण आज तीस वर्षांच्या घरात. २०२२ ला येझदी नावानं ज्या नव्या गाड्या आल्या त्या फोर-स्ट्रोक, त्यांचा ह्या सगळ्याशी काही संबंध नाही, पण ऑनलाइन शोधताना दोन्ही एकत्र येतात तेवढं बघून घ्या.

ऑगस्ट २०२४ च्या सुरुवातीला उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, कामाला असलेल्या एका मित्रानं फोटो पाठवला. गडहिंग्लजजवळच्या एका गावातली रोडकिंग, जून १९९२ चं रजिस्ट्रेशन, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर आरटीओचा नंबर, एकाच मालकाची. मालक म्हणजे एक रिटायर मास्तर, ते २०२१ ला वारले, तेव्हापासून गाडी गोठ्याशेजारी पोत्याखाली उभी, महिन्यातनं एकदा मुलगा किक मारून ठेवायचा तेवढंच. सांगितलेली किंमत १ लाख २० हजार.

मी एकटा गेलो नाही. शहापुरातले आमचे मेकॅनिक, सगळे त्यांना मामाच म्हणतात, आयुष्य जावा-येझदीत गेलंय, त्यांना गाडीत घालून नेलं. दिवसाचे हजार रुपये आणि जेवण एवढा खर्च, पण इतका वसूल झालेला खर्च पूर्ण व्यवहारात दुसरा नाही. जाताना संकेश्वरला हायवे सोडला आणि तिथनं गडहिंग्लज काही लांब नाही.

जुनी टू-स्ट्रोक बघायला जायचं तर फोनवरच सांगून ठेवायचं, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. गरम इंजिन किकला पेटतंच, त्यात काही कळत नाही. मुलगा म्हणाला, "बसा की, च्या घ्या, गाडी काय पळून जात न्हाई," पण मामा सरळ गोठ्याकडं गेले, इंजिनच्या हेडवर तळहात ठेवला, गार लागलं, मग म्हणाले हं, आता च्या आणा.

येझदीचा गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच असतो, आत दाबून वर उचलला की किक, परत पुढं पाडला की गिअर, नवख्या माणसाला आधी हेच सापडत नाही. त्या दांड्याच्या आतल्या खाचा झिजल्या असल्या तर किक मारताना घसरतो, ते पहिल्यांदा बघायचं. चोक देऊन बऱ्याच किका खाल्ल्यावर ती पेटली आणि गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. सिलिंडर एकच असला तरी सायलेन्सर दोन आहेत, धूर दोन्हीकडनं सारखा यायला पाहिजे, एकीकडनं कमी आला तर ती बाजू कार्बननं चोंदलेली. इंजिन तापल्यावर धूर कमी व्हायला पाहिजे. कमी होतच नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल पण सारखं उतरत असेल तर क्रँकचा ऑइल सील गेलाय असं धरून चालायचं, कारण मग इंजिन तेच ऑइल ओढून जाळत बसतं, आणि सील बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन उघडणं आलं. आमच्या गाडीचा धूर दहाएक मिनिटांनी बऱ्यापैकी ओसरला. मुलाला विचारून मामांनी हेड काढून बघितलं, पिस्टनच्या डोक्यावर ०.५० असा आकडा, म्हणजे सिलिंडरचा मूळ ६५ मिलिमीटरचा बोअर अर्ध्या मिलिमीटरनं वाढवून झालेला, पुढं अजून बोअर करायला जागा आहे. विकणारा हेड काढू देत नसेल तर निदान किक हातानं हळू दाबून कॉम्प्रेशन बघा, पण काढू दिलं तर सोडू नका.

बाकी तपशील सांगायचा तर सायलेन्सर दोन्ही बाजारातले, मूळचे नव्हते, वायरिंग कुणीतरी टेप गुंडाळून चालवलेलं, सीट नवीन शिवलेली. मडगार्ड, टाकी, साइडचे डबे मूळचे. टाकीत मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं, आत थोडा गंज. हे सगळं मला चाललं. कलेक्शनची गाडी म्हणून घेणाऱ्यानं पेंटला भुलू नये असं माझं मत आहे, उलट नवाकोरा पेंट मारलेली गाडी दिसली की मला जास्त भीती वाटते, खाली काय झाकलंय कोण जाणे.

आता नंबर. आयडियल जावाच्या गाड्यांना इंजिन नंबर आणि चासी नंबर कारखान्यातनं एकच यायचा. मॅचिंग नंबर म्हणून लोक जास्त भाव सांगतात ते यासाठीच. इंजिन बदललेलं असलं तर गाडी चालायला चालेल, पण ते आरसीवर चढवलेलं नसलं तर तुम्ही आरटीओत अडकलात. चासीचा नंबर हँडलच्या गळ्याजवळ, इंजिनचा केसवर. आमच्या गाडीत इंजिनवरचा एक आकडा ३ दिसायचा आणि चासीवर तोच ८, माझा तर चेहराच पडला. मामांनी रॉकेलचा बोळा लावला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलं (वायर ब्रश नाही, त्यानं ठोकलेल्या नंबरची कडा जाते आणि मग इन्स्पेक्टरला संशय येतो), जुन्या रंगाचा थर सुटला आणि दोन्हीकडं ८ निघाला. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून दोन्ही नंबरांचे प्रिंट घेतले, पुढं ते लागतातच. नंबरच्या आजूबाजूचा धातू बोटानं चाचपून बघा, ग्राइंडर मारलेला असेल तर तिथं खळगा लागतो, आकडे वरखाली असतात. तसं काही दिसलं की च्या पिऊन परत या.

मग आरसी बुक हातात घेतलं आणि खरं काम तिथं सुरू झालं. नाव वडिलांचं. मुदत १४ जून २०२२ ला संपलेली, कारण १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायला लागतं आणि मास्तरांनी प्रत्येक वेळी वेळेवर केलेलं, ते गेल्यावर राहिलं. आणि तिसरं म्हणजे आतल्या पानावर एचपीचा, म्हणजे गाडीवर कर्ज असल्याचा, शिक्का, एका पतसंस्थेचा, १९९२ चा. कर्ज तर कधीच फिटलेलं, पण बोजा उतरवायला कुणी गेलंच नाही. मामा म्हणाले, "इंजिन मी कसंबी करून देतो, पण ह्या मास्तरांची सही मी कुठनं आणू?"

माझ्या मते सगळं इथं येऊन थांबतं. लोखंडाचं सगळं उद्यमबागेत मिळतं, लेथवर बुश काढून मिळेल, क्रँक भरून मिळेल, पण कागदावरचा माणूस नसला की प्रत्येक सहीला वेगळा रस्ता शोधायला लागतो. तिथल्या एका ओळखीच्या माणसानं लगेच सुचवलं की मास्तरांनी पूर्वी सही करून ठेवलेले टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, असतील, तारीख टाकून मोकळे होऊ. नको म्हटलं. वारलेल्या माणसाच्या सहीवर मागाहून तारीख टाकणं म्हणजे सरळ बनावट कागद, आणि उद्या एका बहिणीनं जरी विचारलं की आमच्या वडिलांची गाडी कुणी विकली, तर पोलीस माझ्या दारात. ज्या गाडीला असे कोरे फॉर्म पिनअप करून मिळतात ती स्वस्त का आहे ते त्यातच आलं.

घरी येऊन सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकला, गाडी ऑनलाइन दिसत होती. तिथं मालकाचं नाव आणि चासी नंबर अर्धवट झाकलेला असतो, पण मुदत, एचपी, विमा कळतो. ऑनलाइन काहीच दिसत नसेल तर जुन्या आरसीची बॅकलॉग नोंद त्या आरटीओत आधी करून घ्यायला लागते, ते विकणाऱ्याकडनंच करून घ्या. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदीच्या, पोर्टलवर गाडी चोरीची आहे का ते नंबर, इंजिन, चासी टाकून बघता येतं आणि त्याचा दाखला डाउनलोड होतो. चलनं पण बघितली, एकही नव्हतं.

किंमत ९५ हजारावर आली, अट एकच, एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या आरटीओत न्यायचा ना हरकत दाखला, हातात देईपर्यंतचा आरटीओचा सगळा खर्च विकणाऱ्याचा. त्याचा जास्त खर्च म्हणजे उशिराचा दंड. मोटरसायकलचं नूतनीकरण उशिरा केलं तर महिन्याला, किंवा महिन्याच्या भागाला, ३०० रुपये. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत अर्ज गेला तर २७ महिने, म्हणजे ८,१०० रुपये, वर नूतनीकरणाची फी तेव्हा १,००० होती. (ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटरसायकलला ती २,००० झाली आहे.) हा हिशोब कागदावर मांडून दाखवला म्हणूनच तो १ लाख २० वरनं खाली आला, नाहीतर नुसतं कमी करा कमी करा म्हणून कोण कमी करतंय. इसार १० हजार, खात्यावर, रोख नाही. शंभराच्या स्टॅम्पवर करार केला, त्यात इंजिन-चासी नंबर, उरलेले पैसे एनओसी मिळाल्यावर, आणि एनओसी नाही मिळाली तर इसार परत, एवढं लिहून घेतलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा लागायला लागला, त्यामुळं आता तिकडं करार करणाऱ्यांनी ते धरून चाला.

पतसंस्थेचं प्रकरण मला सगळ्यात अवघड वाटलेलं आणि ते झालं मात्र सोपं. मूळ संस्था दुसऱ्या एका संस्थेत विलीन झालेली. तिथले सेक्रेटरी मास्तरांचे विद्यार्थी निघाले. त्यांनी जुनी खतावणी काढली, कर्ज १९९५ ला फिटल्याची नोंद सापडली, बेबाकी दाखला आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का दिला. विलीनीकरणाच्या आदेशाची झेरॉक्स पण मागून घ्या, नाहीतर आरसीवर एक नाव आणि शिक्क्यावर दुसरं म्हणून परत पाठवतात.

वारसांच्या सह्यांना मात्र वेळ लागला. मालक वारला तर गाडी आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ वर करायला लागते, त्याला मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. आई गावात, एक बहीण अनगोळात, दुसरी पुण्याला. पुण्याची म्हणाली गणपतीला येणारच आहे तेव्हा करू. २०२४ ला गणपती ७ सप्टेंबरला बसले, दुसऱ्या दिवशी मोदक खात खात सगळ्यांनी सह्या केल्या. तोपर्यंत मी रोज मनात म्हणायचो की आता कुणीतरी जास्त पैसे देऊन उचलणार, झोप लागायची नाही, बायको म्हणाली एवढी काळजी माझ्या बाळंतपणात केली नव्हतीस.

त्याच आठवड्यात वारसनोंद, एचपी उतरवणं आणि फॉर्म २५ वर नूतनीकरण असे अर्ज ऑनलाइन भरले. नूतनीकरणाला गाडी समोर न्यायलाच लागते, आणि मुदत संपलेली, विमा नसलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही, त्यामुळं छोटा हत्ती टेम्पो करून कोल्हापूरला नेली, जाऊन-येऊन ३,०००. टेम्पोत चढवायच्या आधी पेट्रोल काढा, दोरी फ्रेमला बांधा, हँडलला नको. विम्यासाठी ऑनलाइन भटकू नका, इतकी जुनी गाडी बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, सरळ शाखेत जाऊन थर्ड पार्टी काढा, तेव्हा १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये अधिक जीएसटी होता. पीयूसीला मी घाबरलो होतो, पण मार्च २००० च्या आधीच्या टू-स्ट्रोकला धुरात सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ९,००० पीपीएम इतकी मुभा आहे, कार्बोरेटर साफ केल्यावर आरामात बसली. पर्यावरण कर वेगळा भरायला लागतो. इन्स्पेक्टरनं हॉर्न, दोन्ही लाईट, ब्रेकचा लाईट बघितला, नंबर जुळवले आणि शेवटी विचारलं, विकायची आहे का.

ऑक्टोबरात मुलाच्या नावाची आरसी आली, मग फॉर्म २८, म्हणजे एनओसीचा अर्ज, तीन प्रती आणि त्यावर चासीचा पेन्सिल प्रिंट. इथं एक नीट ऐका. एनओसी कुठल्या आरटीओच्या नावानं पाहिजे ते तुमच्या आधारवरच्या पत्त्यावर ठरतं, बेळगाव जिल्हा म्हणून सगळं बेळगावला येत नाही. बेळगाव शहर केए-२२, निपाणी-चिकोडीकडचे केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. निपाणीच्या माणसानं बेळगावची एनओसी आणली तर परत कोल्हापूर. दिवाळी मध्ये आली, त्यामुळं एनओसी नोव्हेंबरच्या मध्याला हातात. त्याच दिवशी ८५ हजार ट्रान्सफर केले, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या, विकणाऱ्याच्या आधारची सही केलेली झेरॉक्स घेतली आणि गाडी दुसऱ्या छोट्या हत्तीतनं बेळगावला.

कायद्यानं दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यायला लागतो. आमच्या गल्लीत एमएच-०९ च्या गाड्या वर्षानुवर्षं फिरतायत आणि कुणाला काही वाटत नाही, तो भाग वेगळा. पण मालकी बदलली की ३० दिवसांत कळवायला लागतं, म्हणून मी दोन्ही एकदम केलं, नवीन नंबरसाठी फॉर्म २७ आणि सोबत २९, ३०, एनओसी, विमा, पीयूसी, एनसीआरबीचा दाखला, आधार, पॅन. वारसाचे कागद मराठीत होते, ते इथं लागलेच नाहीत कारण आरसी आधीच मुलाच्या नावावर झालेली, हा त्या सगळ्या खटाटोपाचा फायदा. खिडकीवर मी माझ्या तोडक्या कन्नडात सुरू केलं, समोरच्या बाईंनी दोन वाक्यं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, मराठीतच सांगा, लवकर होईल.

कर्नाटकाचा टॅक्स गाडीचं वय बघून ठरतो, माझा फार आला नाही. मी इथं एजंट घेतला, २,५०० रुपये, कारण डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, शहरभर बंदोबस्त आणि मला कामावरनं सुट्टी नव्हती. वेळ असेल तर स्वतः करण्यासारखं आहे, फक्त पोर्टलवर अपलोड करायच्या फाइलचा साइज आधीच कमी करून ठेवा. गाडी परत एकदा तपासली, परत पेन्सिल प्रिंट. जानेवारी २०२५ च्या शेवटी कार्ड पोस्टानं घरी आलं, केए-२२.

बरेच जण विचारतात, व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन होत नाही का. २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांवरची गाडी, नंबरमध्ये व्हीए येतं, पहिली फी २०,००० आणि रोज फिरवायला परवानगी नाही. रोडकिंग कुठलीही घ्या, पहिलीवहिली १९७८ ची सुद्धा २०२८ च्या आधी त्यात बसत नाही. मला तर ती रविवारी काकतीपर्यंत तरी फिरवायचीच आहे.

सगळा हिशोब धरला तर गाडी ९५ हजार, दोन्ही टेम्पो, विमा, इकडचा टॅक्स-फी आणि एजंट मिळून पंधरा हजारांच्या आसपास, आणि मामांचं काम अठरा हजार. त्यात क्रँकचे सील, क्लच प्लेट, नवीन वायरिंग, टाकीची आतनं सफाई. पॉइंट आणि प्लगचं अंतर मामांनी मलाच करायला शिकवलं, म्हणाले ह्या गाडीला मेकॅनिक लांब असून चालत नाही. पेट्रोल भरताना लिटरला ३५ मिली टू-टी ऑइल आधी टाकायचं, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे असतो, त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा बाकीच्यांबरोबर काढली.

आता फक्त सायलेन्सर राहिलेत. बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडं कुणाच्या माळ्यावर रोडकिंगची मूळ जोडी पडली असेल तर कळवा, गंज असला तरी चालेल, वेल्डिंग केलेली नको.